गाता येत नसेल तेव्हाची स्तुती

ताई, सप्रेम सलाम.

माझं वय 43. आठ महिन्यांपूर्वी माझ्या मिस्टरांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय गेला आणि वाचाही गेली. आता ते काठीच्या आधाराने चार पावलं टाकतात, पण बोलणं परत आलेलं नाही. 'हो', 'नाही' आणि एक-दोन तुटक शब्द, एवढंच. आपण काय म्हणतोय ते त्यांना बहुतेक समजतं, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळतं. घर आता माझ्या एकटीच्या पगारावर चाललंय.

लग्नाच्या आधीपासून मी आमच्या मंडळीत आराधना घेते. रविवारी पुढे उभं राहून गाणं मला कधी काम वाटलंच नाही. झटक्यानंतर दोन रविवार गेले नाही. तिसऱ्या रविवारी परत उभी राहिले, कारण सगळेच म्हणाले, 'संकटातच स्तुती करायची असते, मग प्रभू मार्ग उघडतो.' तेव्हापासून दर रविवारी गाते. हात वर करते, हसते. आत काहीच नसतं. खरं सांगायचं तर आत राग असतो. गेल्या महिन्यात उपासनेहून घरी आल्यावर माझ्या चौदा वर्षांच्या मुलीने विचारलं, 'मम्मी, तू ते खरंच मनापासून म्हणतेस?' मला उत्तर देता आलं नाही.

माझी नणंद म्हणते, मी मनापासून स्तुती करत नाही म्हणूनच तिच्या भावाला गुण येत नाही. घरी तर मी गाणं बंदच केलंय. मी गायला लागले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागतं आणि ते मला बघवत नाही. रात्री झोप लागत नाही. प्रार्थनेला बसले की शब्द सुचत नाहीत.

मनात नसताना देवाची स्तुती करणं हे ढोंग नाही का? आणि ढोंग असेल तर देव ते का स्वीकारेल?

— एक वाचक भगिनी

प्रिय भगिनी,

तुमच्या नणंदेच्या बोलण्यापासून सुरुवात करते, कारण ते वाक्य तुमच्या उरावर बसलेलं असताना बाकी काही सांगून उपयोग नाही. ते वाक्य खोटं आहे. पक्षाघातात मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी एकतर गुठळीने बंद होते किंवा फुटते. मेंदूचा कुठला भाग किती दुखावला, उपचार किती लवकर सुरू झाले, नंतरचा व्यायाम किती नेटाने झाला, यावर सुधारणा बरीचशी अवलंबून असते. बायकोच्या गाण्यात किती भाव होता यावर ती अवलंबून नसते.

आणि हे नुसतं डॉक्टरांचं म्हणणं नाही. योहानाच्या शुभवर्तमानात, नवव्या अध्यायात, जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो. मुलंबाळं, मालमत्ता, तब्येत सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र तर कितीतरी अध्याय हेच सिद्ध करण्यात घालवतात की ईयोबाचं कुठेतरी चुकलं असणार. शेवटी, 42व्या अध्यायात, देव त्या मित्रांवर रागावतो आणि म्हणतो की माझ्याविषयी तुम्ही बरोबर बोलला नाहीत, माझा सेवक ईयोब बोलला तसं. हे वचन मला फार मोलाचं वाटतं. कारण ईयोब काय काय बोलला होता ते आपण वाचलेलं असतं. त्याने स्वतःच्या जन्माच्या दिवसाला शाप दिला होता, देवाला जाब विचारला होता, माझ्याशी समोरासमोर बोल म्हणून आव्हान दिलं होतं. ज्याने तोंड भरून तक्रार केली त्याचं बोलणं देवाला चाललं आणि देवाची वकिली करायला निघालेल्यांचं चाललं नाही.

नणंदेवर मी फार रागावत नाही. भावाची ही अवस्था तिलाही बघवत नसणार, आणि काहीतरी कारण सापडलं की माणसाच्या जिवाला थोडा आधार वाटतो. पण ते कारण तुम्ही व्हायचं नाही. पुढच्या वेळी ती असं बोलली तर शांतपणे सांगा, 'ताई, हे मला परत म्हणू नका. म्हणायचंच असेल तर त्यांच्याजवळ एक तास बसा, तेवढ्यात मी झोपते.' ईयोबाच्या मित्रांनी एकच गोष्ट चांगली केली होती. सुरुवातीचे सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर एक शब्दही न बोलता बसून राहिले होते.

आता ढोंगाबद्दल.

रविवारी तुम्ही पुढे उभ्या राहता तेव्हा दोन कामं एकदम करता. देव चांगला आहे असं म्हणता, आणि आपण ठीक आहोत असं दाखवता. पहिल्यात खोटं काही नाही. तुमच्या मुलीला खटकलं ते दुसरं. ती आठ महिने त्याच घरात आहे, तुमचा रात्रभर डोळा लागत नाही हे तिला माहीत आहे, आणि रविवारी सकाळी तिला तुमचा तो हसरा चेहरा दिसतो. मला तर वाटतं, तुम्ही रडत रडत गायला असतात तर तिने हा प्रश्न विचारलाच नसता.

ही दोन कामं वेगळी करता येतात. ठीक असल्याचं दाखवणं तुम्ही या क्षणापासून थांबवू शकता. ते देवाने मागितलेलं नाही. तो भार माणसांनी, बहुतेक वेळा प्रेमाने, एकमेकांवर टाकलेला असतो. आपल्या मंडळ्यांमध्ये साक्ष द्यायची ती संकट संपल्यावरच, असा एक अलिखित नियम होऊन बसलाय. आजारातून उठलेला माणूस पुढे येऊन बोलतो, आजारी असलेला बोलत नाही. त्यामुळे ज्यांचं दुःख अजून चालू आहे त्यांना वाटतं की आपल्यापाशी देवाला देण्यासारखं अजून काही नाही.

स्तोत्रसंहितेत मात्र तसं नाही. तुम्ही आराधना घेता, तेव्हा 100वं, 103वं, 150वं स्तोत्र तुमच्या तोंडी असणारच. पण 150 स्तोत्रांमध्ये विलापाची स्तोत्रं किती आहेत ते एकदा नजरेखालून घाला. 13वं स्तोत्र अवघ्या सहा वचनांचं आहे. त्याच्या पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला 'कोठवर?' असं चार वेळा विचारतो. कोठवर विसरणार, कोठवर तोंड लपवणार? आणि शेवटच्या वचनात तोच माणूस परमेश्वराला गाईन म्हणतो. मधल्या वचनांत त्याची परिस्थिती बदलल्याचं कुठेही लिहिलेलं नाही. शत्रू तिथेच आहे, डोळ्यांपुढचा अंधार तिथेच आहे. बदललंय ते एवढंच की तो आता फक्त त्या शत्रूकडे बघत नाहीये.

88वं स्तोत्र त्याच्याही पुढचं. बहुतेक विलापगीतं शेवटी कुठेतरी वळतात. हे वळत नाही. ते अंधारात सुरू होतं आणि अंधाराच्याच उल्लेखावर संपतं. त्याच्या शीर्षकात ते मुख्य गवयासाठी असल्याचं लिहिलंय. म्हणजे तुम्ही जे काम करता ते काम करणाऱ्या कुणाच्या तरी हातात हे गीत दिलं गेलं, सर्वांसमोर म्हणण्यासाठी. एवढा काळोख असलेलं गीत देवाच्या घरात चाललं. तुमचा राग तिथे चालणार नाही असं कुणी सांगितलं तुम्हाला? प्रार्थनेला बसल्यावर शब्द सुचत नाहीत म्हणता, तर काही दिवस फक्त हेच स्तोत्र मोठ्याने वाचा. प्रार्थना करावी तसंच, पूर्ण वाचा, आणि त्याला तुमच्या पदरचा गोड शेवट जोडू नका.

इथे कुणी मला विचारेल, मग स्तुती सोडूनच द्यायची का, नुसतं रडायचं? नाही. मी स्तुतीच्या बाजूची आहे, आणि तुमच्यासारख्या अवस्थेत ती जास्तच गरजेची आहे असं मला मनापासून वाटतं. फक्त आधी हे सांगणं भाग होतं की रडणं हा स्तुतीच्या वाटेतला अडथळा नव्हे. ती वाट बहुतेकांची रडण्यातूनच जाते.

हबक्कूक संदेष्ट्याचं पुस्तक काढा. तीनच अध्याय आहेत, एका बैठकीत होईल. अंजिराला फूल नाही, वेलीला द्राक्षं नाहीत, जैतुनाने दगा दिला, शेतात अन्न पिकलं नाही, वाड्यात मेंढरं नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, हे तिसऱ्या अध्यायातलं 17वं आणि 18वं वचन आपण भिंतीवर लावतो. शेतीवर जगणाऱ्या घराचं होतं नव्हतं ते सगळं त्या यादीत आहे. वर्षाची मिळकत गेली आणि पुढची उभारी धरायला लागणारं जितराबही गेलं. अंजीर पुढच्या वर्षी येईल असा दिलासाही तो स्वतःला देत नाही.

पण 16वं वचन भिंतीवर कुणी लावत नाही. त्यात तो म्हणतो की मी ऐकलं आणि माझं आतडं कापलं, ओठ थरथरले, हाडं सडल्यासारखी झाली, पाय लटपटले. आणि त्याच्या लगेच पुढे ती यादी येते आणि तो 'तरी' येतो. थरथर थांबल्यावर, पाणी पिऊन, सावरून त्याने ते म्हटलं असं कुठे दिसत नाही. ओठ थरथरत होते आणि त्याच ओठांनी त्याने ते म्हटलं. ढोंग करणारा माणूस थरथर लपवतो. याने ती लिहून ठेवली.

स्तुती निवडायची असते असं आपण म्हणतो ते मला या अर्थाने पटतं. मनात उचंबळून आलं म्हणून केलेली स्तुती चांगलीच, पण त्यात निवड फारशी नसते. तुमच्यापुढे आज खरी निवड आहे. गेले आठ महिने तुमच्या दिवसात काय काय आहे? गोळ्यांच्या वेळा, कूस बदलणं, आंघोळ, कपडे, बिलं, नोकरी, परत गोळ्या. हे सगळं खरं आहे. हळूहळू असं होतं की एवढंच खरं आहे असं वाटायला लागतं. देव चांगला आहे हे त्या वेळी मोठ्याने म्हणणं म्हणजे एवढ्याला सगळं म्हणायला नकार देणं. तुम्ही नवऱ्याच्या आजाराबद्दल आभार मानत नसता. आजार वाईटच आहे. मित्राच्या, लाजाराच्या, कबरेपाशी, त्याला उठवायचंच आहे हे माहीत असूनही, येशू रडला. मृत्यूला तो चांगलं म्हणाला नाही. तुम्ही म्हणता ते एवढंच की हा आजार तुमच्या घरात असला तरी देवाच्या जागी तो बसलेला नाही.

'स्तुती करा म्हणजे प्रभू मार्ग उघडेल' या वाक्याबद्दलही बोलायला हवं, कारण ते तुम्हाला चांगल्या मनाने सांगितलं गेलं आणि त्यानेच तुमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं. पौल आणि सीला यांची गोष्ट आपण सांगतो. फिलिप्पै गावात फटके खाल्ले, पाय खोड्यात अडकवलेले, मध्यरात्री गीतं गायले, भूकंप झाला, दारं उघडली. गोष्ट खरी आहे. पण पुढचंही सांगायला हवं. काही वर्षांनी त्याच फिलिप्पैच्या मंडळीला पौलाने पत्र लिहिलं, आणि ते लिहिलं तेव्हाही तो बंदिवासातच होता. त्या पत्रात आनंद हा शब्द पुन्हा पुन्हा येतो. प्रभूमध्ये सर्वदा आनंद करा हे वचन त्याच पत्रातलं, चौथ्या अध्यायातलं. या वेळी भूकंपाचा उल्लेख नाही. आपण सुटू की मारले जाऊ हेही त्याला लिहिताना ठाऊक नव्हतं, तसं त्याने पहिल्याच अध्यायात लिहिलंय. दारं उघडली तेव्हाही तो गात होता आणि उघडली नाहीत तेव्हाही. तुरुंगाचं दार उघडण्याची किल्ली म्हणून तो गात असता, तर दुसऱ्या तुरुंगात त्याने गाणं सोडून दिलं असतं.

तुम्ही दर रविवारी गायलात, आणि मिस्टरांची वाचा आली नाही. तुम्ही आत कुठेतरी हिशोब मांडला असणार: एवढं देऊनही काही मिळालं नाही. राग तिथला आहे. तो हिशोब तुमचा नाही, तो तुमच्या हातात दिला गेला. तो खाली ठेवलात तर रागातला बराचसा भाग ओसरेल असा माझा अंदाज आहे. उरलेला राग देवाला सरळ सांगा.

आणखी एक गोष्ट मला फार धीर देते. शेवटच्या भोजनानंतर येशू आणि त्याचे शिष्य गीत गाऊन जैतुनाच्या डोंगराकडे गेले, असं मत्तय 26व्या अध्यायात एका ओळीत सांगतो. आपण ती ओळ वाचून पुढे जातो. वल्हांडणाच्या भोजनाला 113 ते 118 ही स्तोत्रं म्हणायची यहुद्यांची परंपरा आहे, त्यामुळे त्या रात्री बहुधा त्यांतलीच काही म्हटली गेली. 118व्या स्तोत्रात ते वचन आहे ज्याचं कोरस आपण टाळ्या वाजवत म्हणतो, परमेश्वराने नेमलेल्या दिवसाचं. तो कोणता दिवस उगवणार आहे हे येशूला माहीत होतं. आणि त्यानंतर थोड्याच वेळात, गेथशेमाने बागेत, तो आपल्या मित्रांना म्हणतो की माझा जीव मरणप्राय खिन्न झाला आहे. हा प्याला टळो अशी विनवणी तो एकदा करत नाही, पुन्हा पुन्हा करतो. गीत, खिन्नता आणि विनवणी, सगळं एकाच रात्रीत आणि एकाच तोंडून. ते गीत ढोंग होतं असं तुम्ही म्हणाल का?

आता करायचं काय ते.

सध्या भावनेच्या मागे लागू नका. ती येईल तेव्हा येईल. रोजच्या एका ठरलेल्या कामाला, समजा सकाळच्या गोळ्या देण्याला, एक वाक्य जोडा. आधी जे आहे ते सांगा: 'देवा, आज मी थकले आहे आणि मला तुझा राग आलाय.' मग एक वाक्य देवाबद्दलचं, जे तुम्हाला आजही खरं वाटतं. मोठं नको. 'तू माझं ऐकतोस' एवढंही पुरे. ज्या दिवशी तेही खरं वाटणार नाही त्या दिवशी दुसऱ्याचं वाक्य उसनं घ्या. 42व्या स्तोत्रात गाणारा स्वतःच्या जिवालाच विचारतो, तू का खिन्न झालास, आणि मग म्हणतो की देवाची आशा धर, मी त्याचं गुणगान पुन्हा करीन. हे ध्रुपद 42व्या आणि 43व्या स्तोत्रांत मिळून तीनदा येतं. एकदा म्हणून भागलं नाही, म्हणून पुन्हा म्हटलं. आणि त्यात आज गातोय असं तो म्हणतच नाही, पुढे गाईन म्हणतो. आज जमत नाही, पण एक दिवस करीन, हीसुद्धा स्तुतीच आहे. काही दिवस एवढीच असेल. चालेल.

तुमच्या झोपेबद्दल जे लिहिलंय ते मला गंभीर वाटतं. आत काहीच नसणं, झोप उडणं, शब्द न सुचणं हे दोन आठवड्यांहून जास्त काळ चाललं असेल तर डॉक्टरांना दाखवा. तो अविश्वास नाही. एलिया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवाच्या दूताने त्याला जागं करून खायला दिलं, पाणी दिलं, परत झोपू दिलं, आणि परत उठवून परत खायला दिलं. 1 राजे, 19वा अध्याय. त्या झुडपाखाली कुणी त्याला स्तुती करायला सांगितलं नाही. आधी झोप आणि अन्न, मग प्रवास, आणि देवाचं बोलणं त्यानंतर. आजाऱ्याची काळजी घेणारी बाईच आधी कोसळते असं मी पुष्कळदा पाहिलंय, म्हणून जोर देऊन सांगते. मंडळीतल्या ज्यांनी ज्यांनी 'काही लागलं तर सांगा' म्हटलं होतं, त्यांना आता सांगा. आठवड्यातून दोन संध्याकाळी कुणीतरी येऊन मिस्टरांजवळ बसायचं, असं नावानिशी ठरवून घ्या.

मिस्टरांच्या रडण्याचा अर्थ तुम्ही एकटीने लावलाय, असं मला तुमचं पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं. उजवं अंग आणि वाचा एकदम जाते तेव्हा बहुधा मेंदूच्या डाव्या भागाला इजा झालेली असते. बोलणं असं हरवण्याला डॉक्टर अफेझिया म्हणतात. अशा काही रुग्णांना एक साधं वाक्य जुळवता येत नाही, पण लहानपणापासून पाठ असलेलं गाणं शब्दांसकट म्हणता येतं. 1973 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी याच निरीक्षणावर एक उपचारपद्धत मांडली. तिला मेलॉडिक इंटोनेशन थेरपी म्हणतात. त्यात सूर आणि ठेका धरून, डाव्या हाताने ताल देत, रोजची छोटी वाक्यं म्हणवून घेतात. सगळ्यांना तिचा उपयोग होत नाही, आणि तुमच्या मिस्टरांना होईल असं मी म्हणू शकत नाही. पण स्पीच थेरपिस्टला हे जरूर विचारा.

आणि ते अश्रू. पक्षाघातानंतर काही जणांचा भावनांवरचा ताबा सैल होतो. फारसं दुःख नसतानाही डोळे भरून येतात, कधी तर आवडतं काही ऐकल्यावरही येतात. दुसऱ्या बाजूने, झटक्यानंतर साधारण तीनांतल्या एका रुग्णाला नैराश्यही येतं, तेव्हा तीही शंका डॉक्टरांपुढे मांडायला हवी. गाणं ऐकून त्यांना त्रास होतो की बरं वाटतं हे तुम्हाला बाहेरून कळणार नाही. त्यांनाच विचारा. त्यांच्यासमोर बसा, टीव्ही बंद करा, आणि एका वेळी एकच प्रश्न विचारा: 'मी गाऊ?' उत्तरासाठी भरपूर वेळ द्या. मग उलटा प्रश्न विचारा: 'गाणं नको?' या आजारात 'हो' आणि 'नाही' यांची तोंडाने कधीकधी अदलाबदल होते, म्हणून मान किंवा हातही बघा, आणि दोन्ही उत्तरं जुळतात का ते पाहा. त्यांनी नको म्हटलं तर नको. पण त्यांनी हो म्हटलं, तर इतके महिने त्यांना हवं असलेलं काहीतरी त्यांच्या काळजीपोटीच बंद होतं, हे तुम्हाला कळेल. मग त्यांना पाठ असेल असं एखादं जुनं गीत घ्या, संथ म्हणा, आणि ओळीचा शेवटचा शब्द त्यांच्यासाठी सोडून बघा. आला तर आला. नाही आला तर तुम्ही म्हणा आणि पुढे जा. त्याची परीक्षा करू नका.

मुलीला उत्तर द्यायचं राहिलंय. महिना झाला असला तरी उशीर झालेला नाही. तो प्रश्न तिला अजून आठवत असणार. तिला सांगा की शब्द मनापासून होते, हसू नव्हतं. पप्पांकडे बघून मला देवाचा राग येतो हेही सांगा. आईने देवावर रागावलेलं आणि तरीही त्याला सोडून न गेलेलं पाहणं, चौदा वर्षांच्या मुलीसाठी मी घातक मानत नाही. तिलाही पप्पांबद्दल देवाला काही विचारायचं असेल, आणि घरात तशी मुभा आहे हे तिला आजवर कळलेलंच नसेल. तिने रागाने काही म्हटलं तर लगेच वचन दाखवू नका. ऐकून घ्या.

राहिला रविवार. पाळकांना या आठवड्यातच फोन करा आणि सांगा की पुढचे काही महिने तुम्ही आराधना घेणार नाही. तुम्ही उपासनेला याल, मागच्या बाकावर बसाल, जमलं तर गाल, नाही जमलं तर इतरांचं गाणं ऐकाल. मंडळी एकत्र गाते त्यात हाही एक भाग आहे की ज्याचा आवाज त्या दिवशी फुटत नाही त्याच्या वाटचं इतर जण म्हणतात. इतकी वर्षं तुम्ही ते कित्येकांसाठी केलंत. पुन्हा पुढे उभं राहायचं तेव्हा विलापाचं एखादं गीत घेऊन उभ्या राहा, आणि त्या दिवशी हसायची सक्ती स्वतःवर करू नका. समोर बसलेल्यांमध्ये तुमच्यासारखी आणखी कोणीतरी नक्की असेल. पाळकांनी कारण विचारलं तर हे उत्तर त्यांना वाचायला दिलंत तरी चालेल.